गुडघ्याचं माप

दंतवैद्यांची नोटीस आली तेव्हा ती सगळ्यांत आधी आत्यांनी वाचली, कारण ती त्यांच्या नावावर नव्हती. स्वतःच्या नावावर आलेला कागद त्या उघडत नसत; त्यात बहुधा काहीतरी भरायचं असतं. दुसऱ्याच्या नावाचा कागद मात्र निव्वळ माहितीसाठी असतो, असं त्यांचं मत होतं. वाचून झाल्यावर त्यांनी नोटीस घडीवर घडी घालून पाकिटात ठेवली, थोरल्या भाच्याच्या टेबलावर नेऊन टाकली आणि म्हणाल्या, "बघ बाबा काय आलंय. मला काही कळलं नाही. जिना तोडून मागतायत."

रविवारी दुपारी सभा भरली. ही सभाही खालीच, कारखान्यात. वर चांगला दिवाणखाना होता आणि त्यात बसायला खुर्च्या होत्या. खाली होत्या त्या फळ्या, भुसा आणि एक डुगडुगणारं स्टूल. पण गेली काही वर्षं घरातलं जे काही महत्त्वाचं व्हायचं ते खालीच व्हायचं, कारण थोरल्याच्या वडिलांना, तात्यांना, लाकडाचा वास आवडतो. तात्या झोपायचेही खालीच, त्याच कारणासाठी. वासाची ही आवड त्यांना पंचाहत्तरीनंतर जडली होती आणि घरात कोणी तिच्याबद्दल चर्चा करत नसे.

"करार मी केला," थोरला म्हणाला. "सही माझी. ड्रॉइंग माझं. शब्द माझा. आणि जिना कुणाचा? तात्यांचा!"

तात्या स्टुलावर बसून कठड्याच्या एका लाकडी गोळ्यावर पॉलिशपेपर फिरवत होते. ऐकू कमी येत असल्यासारखे ते बसले होते. ऐकू त्यांना उत्तम येत असे. कमी येत असल्यासारखं बसणं ही त्यांनी वयानुसार घेतलेली सवलत होती.

या जिनेवाल्यांच्या घरात पायरीची उंची गुडघ्यावरून काढायची रीत. ज्या घरात जिना बसणार तिथलं सगळ्यांत वयस्क माणूस उभं करायचं, जमिनीपासून त्याच्या गुडघ्यापर्यंत काठीवर खूण करायची आणि तिचे तीन भाग करायचे. एक भाग म्हणजे एक पायरी. ती काठी पिढ्यान् पिढ्या एकच. तिच्यावर सबंध गावाचे गुडघे होते. थोरल्यानं धंदा हातात घेतल्यावर ही रीत बंद केली. त्यानं ड्रॉइंग आणलं, छापील करार आणला आणि गेल्या वर्षी तात्यांना छोटेखानी समारंभ करून निवृत्त केलं. तात्या निवृत्त झाले. फक्त कामावर येत राहिले.

दंतवैद्यांचा दवाखाना खाली आणि बिऱ्हाड वर. जिना दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीतून वर जायचा होता. तात्या ड्रॉइंग खिशात घालून तिकडे गेले, तेव्हा दंतवैद्य पुढच्या शिक्षणासाठी परदेशी होते आणि सिमेंटच्या पोत्यांमध्ये खुर्ची टाकून त्यांच्या मातोश्री बांधकामावर लक्ष ठेवत होत्या. तात्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. ड्रॉइंग खिशातच राहिलं आणि काठी बाहेर आली.

पायऱ्या बसक्या झाल्या. पायऱ्या बसक्या झाल्या की जास्त लागतात, जास्त लागल्या की जिना लांबतो आणि लांबलेला जिना कुठेतरी जाऊन टेकतोच. हा दवाखान्याच्या दारापाशी टेकला. दार आत उघडणारं होतं. आता ते अर्धं उघडत होतं. सडपातळ पेशंट सरळ येत, बाकीचे आडवे होऊन.

"वकीलसाहेब," थोरला धाकट्या भावजयीकडे वळला. "चार वाजता ते डॉक्टर येतायत. तेवढ्यात एखादी पळवाट काढ."

धाकटी सून वकील होती. तिचा नवरा कठड्यांना पॉलिश करायचा आणि बोलायचा जवळजवळ नाहीच. दोघांची सरासरी काढली तर बोलणं बेताचं भरत होतं. आज तो परगावी कठडा बसवायला गेल्यामुळे सरासरीचा प्रश्न नव्हता. तिनं फळ्यांच्या चळतीवर रुमाल अंथरून बैठक मारली होती आणि ती करार वाचत होती. वाचता वाचता तिच्या भुवया हळूहळू वर चढल्या.

"भाऊजी, हा करार कुठून आणलात?"

"का?"

"कलम सात वाचते. 'वीजपुरवठा खंडित झाल्यामुळे जिना दोन मजल्यांच्या मध्ये थांबल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही.'"

पॉलिशपेपरचा आवाज थांबला.

"लिफ्टवाल्याकडून घेतला," थोरला म्हणाला. "तयार मसुदा होता. जिथे जिथे लिफ्ट होतं तिथे जिना केलं. एवढं काय त्यात?"

"कलम नऊ. 'जिन्यात एका वेळी सहापेक्षा अधिक व्यक्तींनी उभे राहू नये. जिना सुरू होण्यापूर्वी दार नीट लागल्याची खात्री करावी.'"

"वा!" तात्या म्हणाले. ऐकू येत नसलेल्या माणसाच्या मानानं हे फारच वेळेवर आलं.

"म्हणजे करारच चुकीचा आहे!" थोरल्याचा चेहरा उजळला. "निकालात निघालं! करार नाही तर भंग कसला?"

"असं नाही होत भाऊजी. डॉक्टरांनी जिना मागितला. तुम्ही देतो म्हणालात. किंमत ठरली, अर्धी तुम्ही घेतलीत. तिथे करार झाला. कागद नसता तरी झाला असता. शिवाय कलम दोन अगदी शुद्ध आहे. 'पायऱ्यांची उंची सोबतच्या ड्रॉइंगप्रमाणे राहील.' लिफ्टला पायऱ्या नसतात, म्हणून एवढं एकच कलम तुम्ही स्वतः लिहिलंत. आणि नेमकं तेच आपल्यावर उलटलंय."

आत्यांना हसू आलं ते त्यांनी पदराखाली घेतलं. कारखान्यात तिसरा हिस्सा त्यांचा होता आणि त्यामुळे कुठल्याही भांडणात त्यांचं मत मोलाचं ठरे. हे मत त्या एका दुपारात तीनदा बदलायच्या आणि तिन्ही वेळा मनापासून. आत्ता त्या तात्यांच्या बाजूला होत्या.

"पण ती म्हातारी हो म्हणाली होती ना?" त्यांनी विचारलं. "तिनं गुडघा दिला म्हणजे हो म्हणाल्यासारखंच की!"

"त्यांचा करारात संबंध नाही आत्या. करार डॉक्टरांशी. जिन्यावरून चालणारं कुणीही उद्या करार बदलायला लागलं तर मांजरसुद्धा बदलेल."

"बरं, तो महिनाभर त्याच जिन्यानं चढतोय!" थोरला म्हणाला. "वापरतोय म्हणजे पसंत आहे!"

"मग कुठून चढणार? खिडकीतून?"

थोरल्यानं हात टेकले. वकील घरात असली की फायदा होतो असं त्याला धाकट्याच्या लग्नात सगळे सांगत होते. प्रत्यक्षात ती समोरच्याचीच बाजू त्याला समजावून सांगत होती, तीही फुकट.

"एकूण काय?" त्यानं विचारलं.

"एकूण करारभंग. आपल्याकडून."

"भंग?" तात्यांनी गोळा बाजूला ठेवला. "अगं, भंगलंय काय त्यात? हत्ती चढव वर, कुरकुरायचा नाही. असा जिना मी उभ्या जन्मात केला नव्हता!"

"तात्या, जिना उत्तमच आहे. मागितलेला नाही, एवढंच. मी चांभाराला चपला सांगितल्या आणि त्यानं अप्रतिम बूट शिवून दिले, तर बूट घालून मी मिरवीन, पण चपला मिळाल्या असं नाही म्हणणार."

तात्यांना हे पटलं, म्हणून ते गप्प बसले. पटलेल्या गोष्टीवर गप्प बसायचं आणि न पटलेल्या गोष्टीवर बोलायचं, हे त्यांचं जन्माचं धोरण. फक्त त्यांनी आपला उजवा हात उचलून उजेडात धरला. बोटं कापत होती. हा जिना बसवतानाच ती कापायला लागली होती आणि शेवटची पायरी ठोकताना त्यांनी मनाशी म्हटलं होतं, झालं, आता इथे थांबायचं. समारंभ करून झालं नव्हतं ते पायरी ठोकून झालं. आणि आता सगळे तीच पायरी उखडायला निघाले होते.

"निवृत्त होतो म्हणून वचन दिलं होतंत," थोरला म्हणाला. त्याचा आवाज आता चढला होता. "चारचौघांसमोर! ते पाळलं असतं तर हे झालं नसतं."

"त्या वचनाला कायद्यात किंमत नाही भाऊजी," सून सहज म्हणाली. "बदल्यात त्यांना काय मिळालं? मोबदल्याशिवाय दिलेलं वचन म्हणजे नुसतीच इच्छा."

"घड्याळ दिलं की!"

"ते बंद होतं," तात्या म्हणाले.

"हो, ते बंदच होतं," आत्यांनी साक्ष दिली. "पण काय रे, तोडून नवा बांधायचा म्हणजे खर्च कुणाचा?"

"आपला. कारखान्याचा."

आत्या थोड्या सरकल्या आणि थोरल्याच्या बाजूला बसल्या. "मग तात्या, तुझंच चुकलं बरं का," त्या म्हणाल्या.

थोरल्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. तो त्यानं काल बसून लिहिला होता आणि लिहिताना त्याला फार बरं वाटलं नव्हतं. पण धंदा म्हटला की सगळं बरं वाटून चालत नाही. बाहेरची माणसं त्याच्या ड्रॉइंगवर विश्वास ठेवून पैसे देत होती. ड्रॉइंग एक आणि जिना दुसराच, असं एकदा गावभर झालं की ते ड्रॉइंग उद्या पुड्या बांधायलाही कुणी घेणार नव्हतं. धंद्यात आल्यापासून त्याच्या वाट्याला सह्याच आल्या होत्या. कौतुक तात्यांच्या काठीला आणि सह्या थोरल्याच्या.

"मी उत्तर लिहिलंय," तो म्हणाला. "जिना काढून ड्रॉइंगप्रमाणे नवा देऊ. विषय संपला." आणि मग, कागदाकडे बघत, भरभर वाचलं, "'सदर चूक एका कारागिराच्या हलगर्जीपणामुळे झाली असून संबंधित कारागिरास कामावरून कमी करण्यात आले आहे.'"

कारखान्यात कुठेतरी फळी तडकल्याचा आवाज झाला. लाकूड वाळताना होतो तसा.

"कोण कारागीर?" तात्यांनी विचारलं.

थोरला कागदाच्या घड्या सारख्या करायला लागला.

"नवीन ठेवला होतास का कुणी? मला माहीत नाही म्हणून विचारतो."

आत्यांनी भावाकडे पाहिलं. तात्या हसत होते, पण त्यांचा हात गुडघ्यावर होता आणि गुडघा चोळत होता. हा हात त्या गुडघ्यावर हल्ली सारखाच असे. आत्यांना एकदम आठवलं, या घराचा जिना त्यांच्या वडिलांनी बांधला तो आजोबांच्या गुडघ्यावर. आजोबा ताडमाड. त्या जिन्याची एकेक पायरी चढायची म्हणजे तालमीचा व्यायाम. त्या उठल्या, पदर झटकला, पुन्हा जाऊन तात्यांशेजारी उभ्या राहिल्या आणि भाच्याला म्हणाल्या, "फाड तो कागद."

"आत्या, तू आत्ताच तर..."

"ते आत्ताचं होतं. हे आता वेगळं."

तेवढ्यात दाराशी मोटार थांबली.

दंतवैद्य आत आले. माणूस टापटीप होता, आणि समोरच्यानं उत्तर देण्याची त्याला सवय नव्हती. त्यांच्या धंद्यात प्रश्न विचारला की समोरचा 'आं' करतो. त्यांच्या मागून, कुणी हात न देता, मातोश्री उतरल्या.

"आई, तू गाडीत बसणार होतीस."

"गाडीत काय बघायचंय?" त्या म्हणाल्या आणि तात्यांच्या स्टुलाकडे निघाल्या. तात्या चटकन उठले. त्यांनी स्टूल पुसून पुढे केलं आणि स्वतः फळीवर टेकले.

"माझ्या नोटिशीवर विचार केलात?" दंतवैद्यांनी विचारलं. "जिना तोडायचा, ड्रॉइंगप्रमाणे बांधायचा. शिवाय माझ्या दवाखान्याचं नुकसान भरून द्यायचं. शिवाय दिलेली रक्कम परत. तुमच्याकडे याला काय उत्तर आहे? काहीच नाही. बरोबर?"

"करारभंग आमच्याकडून झालाय डॉक्टर," सून म्हणाली. "मान्य आहे."

दंतवैद्य भांडायला आले होते. रात्री आरशासमोर त्यांनी तयारीही केली होती. आता ती सगळी तोंडात राहिली.

"मान्य?"

"पूर्ण. आता राहिला उपाय. जिनाही नवा आणि पैसेही परत, असं दोन्ही नाही मिळत, ते तुमच्या वकिलांनाही माहितीय. त्यांनी आपलं लिहून बघितलंय. कायदा आम्हाला शिक्षा करत नाही. आम्ही शब्द पाळला असता तर आज तुम्ही जिथे असता तिथे तो तुम्हाला नेऊन बसवतो, जमेल तेवढं पैशानं. म्हणून एवढंच सांगा, शब्द पाळला असता तर आज वेगळं काय असतं?"

"दार पूर्ण उघडलं असतं!"

"बरोबर. दार आम्ही सरकतं करून देऊ, आमच्या खर्चानं. आणखी?"

"पेशंट कमी झालेत. खूप कमी."

"अर्ध्या दारामुळे?"

दंतवैद्यांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. स्वच्छ होता.

"सांग की," मातोश्री म्हणाल्या. "नाहीतर मी सांगते. जुन्या घरात जिना असा उभा होता की मी चार वर्षं वरून खाली आले नाही. खिडकीतून भाजीवाल्याशी बोलायची. आता दिवसातून पाचदा उतरते. तिथं माणसं बसलेली असतात, तोंडं एवढीशी करून. दोन शब्द बोलते मी त्यांच्याशी."

"दोन शब्द!" दंतवैद्यांचा बांध फुटला. "'दात हलतोय? हलू दे. माझा नऊ वर्षं हलत होता.' हे दोन शब्द! काल एक गृहस्थ आले, अर्ध्या तासात हिनं त्यांना मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या आणि ते माझे आभार मानून घरी गेले. माझे आभार! पायऱ्या ड्रॉइंगप्रमाणे उंच झाल्या असत्या तर..."

ते थांबले. वाक्य कुठे चाललंय हे त्यांच्या लक्षात आलं. मातोश्रींच्या ते बऱ्याच आधी आलं होतं.

"तर मी वरच बसले असते," त्या शांतपणे म्हणाल्या. "मला वाटलंच होतं."

थोरल्यानं जमिनीकडे पाहिलं. का कोण जाणे, त्याला एकदम वरच्या दिवाणखान्यातल्या रिकाम्या खुर्च्या आठवल्या.

"डॉक्टर," सून म्हणाली, आणि या वेळी आवाज जरा मऊ होता, "करार करताना तुम्ही आमच्या भाऊजींना सांगितलं होतं का, की पायऱ्या उंच हव्यात, म्हणजे आई खाली येणार नाही?"

"असं कुणी सांगतं का!"

"नाही सांगत. पण करार करताना दोघांच्याही डोक्यात जे नुकसान येऊ शकतं, तेवढंच नंतर मागता येतं. जिना सोपा झाला तर धंदा बसेल, हे जगातल्या कुठल्या जिनेवाल्याच्या डोक्यात येईल? आणि समजा तुम्हाला मागायचंच असलं, तर हे सगळं कोर्टात लिहून द्यावं लागेल. मातोश्रींच्या समोर."

दंतवैद्य लाल झाले. माणूस वाईट नव्हता; पण चांगला माणूस कोपऱ्यात सापडला की वाईटापेक्षा जास्त हट्टी होतो.

"नको मला पैसे," ते म्हणाले. "एक पैसा नको. मी ड्रॉइंग पसंत केलं होतं, ड्रॉइंगप्रमाणे जिना द्या. हा तोडा. एवढा तर माझा हक्क आहे?"

सून तोंड उघडणार होती. चांगला जिना तोडायला कोर्ट सहसा सांगत नाही, फार तर फरकाची भरपाई देतं, हे तिच्या जिभेवर होतं. पण तात्या फळीवरून उठले. उठायला वेळ लागला, सगळे थांबले.

"आहे," तात्या म्हणाले. "हक्क आहे तुमचा. शब्द माझ्या मुलानं दिला होता. त्याचा शब्द म्हणजे घराचा शब्द, तो मी मोडला. मला त्याला विचारता आलं असतं. नाही विचारलं, कारण तो नाही म्हणाला असता." त्यांनी थोरल्याकडे पाहिलं नाही. "मीच लावला, मीच काढतो. एकही फळी चिरू न देता काढीन. उद्या येऊ?"

थोरल्याच्या हातातला कागद खाली आला. गेली वीस वर्षं तो या एका वाक्याची वाट बघत होता, त्याचा शब्द म्हणजे घराचा शब्द. ते शेवटी आलं तेव्हा त्याच्याबरोबर कापणारे हात आले होते, आणि आनंद करायला जागाच उरली नव्हती.

"तात्या, थांबा," तो म्हणाला. "तुम्ही नाही काढायचा. काढायचाच असला तर मी काढीन."

"कुणी का काढेना," सून म्हणाली. ती आता कराराच्या मागच्या कोऱ्या पानावर काहीतरी लिहीत होती आणि तिनं मान वर केली नाही. "डॉक्टर, तपशील तेवढा ठरवून घेऊ. जुना काढायचा, लाकूड आणायचं, नवा बसवायचा. तीन-चार महिने धरा. तेवढ्या काळात वर जायला जिना नसेल. तुम्ही शिडी लावून जाल, तरुण आहात. मातोश्री कुठे राहतील?"

दंतवैद्यांचं तोंड उघडं राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा उघडं तोंड त्यांचं स्वतःचं होतं.

"खालीच राहीन," मातोश्री म्हणाल्या. त्यांनी हा प्रश्न सोडवायला अजिबात वेळ घेतला नाही. "दवाखान्यात. तुझ्या त्या मशीनच्या बाजूला खाट मावेल. मी बघितलंय. सकाळपासून रात्रीपर्यंत खालीच. बरंच होईल. माणसं येतात जातात, वेळ जातो."

कारखान्यातल्या कुणीही दंतवैद्यांकडे बघण्याचा निर्दयपणा केला नाही. आत्यांनी केला.

"दाराचं तुम्ही काय म्हणालात?" दंतवैद्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"सरकतं. आमच्या खर्चानं. शिवाय ठरल्याप्रमाणे माल दिला नाही, म्हणून उरलेल्या रकमेत सूट. भाऊजी आकडा सांगतील."

थोरल्यानं आकडा सांगितला. तो त्यानं मनात ठरवला होता त्यापेक्षा मोठा होता. आत्यांना ठसका लागला, पण त्यांनी बाजू बदलली नाही. दंतवैद्यांनी मान हलवली, कागद वाचला, सही केली आणि मग जरा धीर येऊन विचारलं, "हे कलम सात काय आहे हो? मी तेव्हाही विचारणार होतो."

"ते सोडून द्या," थोरला म्हणाला. "वीज गेली तरी चालतो आमचा जिना. गॅरंटी."

"मला कुठे सही करता येईल?" मातोश्रींनी विचारलं. "मी करारात नाही म्हणे."

"साक्षीदार म्हणून करा," सून म्हणाली.

"चालेल. साक्ष मी चांगली देते." सही करून त्या उठल्या, तात्यांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पायऱ्या झकास आहेत. पण पुढच्या वेळी मुलाला विचारा. मुलं दुखावतात, आणि मग ती ड्रॉइंगं काढतात." मग त्या आपल्या मुलाकडे वळल्या. "चल. दहाच्या आत नाही उतरणार मी सकाळी. बाकी बोलू गाडीत."

"किती वेळा उतरशील?" दंतवैद्यांनी दारातच विचारलं.

"मोबदला काय देशील?" मातोश्री म्हणाल्या. मोटार सुरू झाली तेव्हा आत अजून घासाघीस चालली होती.

कारखान्यात कुणी उठलं नाही. थोरल्यानं आपला कागद पुन्हा एकदा वाचला, तो कारागिराचा, आणि चार तुकडे करून भुशाच्या पोत्यात टाकला.

"यापुढे करारात कलम घालायचं," तो सुनेला म्हणाला. "पहिलंच. 'पायऱ्यांची उंची ठरवण्यापूर्वी घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीच्या गुडघ्याचे माप घेतले जाईल.' माप आधी, ड्रॉइंग नंतर, सही त्यानंतर. आणि ते लिफ्टचं काढून टाक सगळं."

"माप कोण घेणार?" तात्यांनी विचारलं.

"तुम्ही. पण ड्रॉइंग माझं. सही झाल्यावर काठी बाहेर काढायची नाही."

"हं. वचन पाहिजे म्हणतोस. मोबदला?"

सुनेनं पेन उचललं. वचन आणि मोबदला एकाच खोलीत आल्यावर तिला हात आवरत नसे.

थोरला उठला. मग तो भिंतीपाशी गेला आणि खुंटीला टेकवलेली काठी घेऊन आला. काठीच्या अगदी वर, बाकी सगळ्या खुणांच्या डोक्यावर, एक जुनी काळी खूण होती. पणजोबांची. घरातला जिना त्या खुणेचा.

"उभे राहा," तो म्हणाला.

"कशाला?"

"उभे राहा म्हणतो ना तात्या."

"अरे, मला इथे बरं वाटतं. मला लाकडाचा वास..."

"पुरे झाला तो वास," आत्या म्हणाल्या. इतकी वर्षं घरात कुणी न बोललेलं वाक्य त्यांनी असं बोलून टाकलं, जसं कुणाच्या तरी नावाचं पाकीट उघडावं. "सहा वर्षं वर आला नाहीस तू. माझी खोली बघितली नाहीस रंग दिल्यापासून. ऊठ."

तात्या उठले. थोरला त्यांच्यापुढे भुशात गुडघे टेकून बसला, काठी जमिनीवर उभी धरली आणि कानावरची पेन्सिल काढली.

"सरळ उभे राहा. वाकू नका."

"सरळच आहे. आता एवढाच सरळ होतो."

थोरल्यानं खूण केली. ती पणजोबांच्या खुणेच्या चांगली चार बोटं खाली आली. तो तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

"ड्रॉइंग काढ आधी," तात्या वरून म्हणाले. आवाज त्यांनी खडसावल्यासारखा केला. "आणि दार कुठे उघडतंय ते बघून घे."